आमच्या माघारी त्याचं कसं होणार?

पत्र

मी धायरीत राहते, वय ५८. यजमान राज्य शासनाच्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, ते ६६ वर्षांचे आहेत आणि त्यांची बायपास झालेली आहे. थोरली मुलगी ३१ वर्षांची, लग्न होऊन नाशिकला असते, तिला एक छोटी मुलगी आहे. धाकटा मुलगा २७ वर्षांचा. त्याला डाउन सिंड्रोम आहे. लहानपणी काढलेल्या दाखल्यावर ७५ टक्के लिहिलेलं आहे. अठराव्या वर्षी विशेष शाळा संपली. पुढे एका कार्यशाळेत जात होता, ते २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सुटलं ते सुटलंच. सकाळी डेअरीवरून दूध तोच आणतो, उरलेले पैसे बरोबर हातात देतो. बाकी दिवसभर टीव्ही. वजन वाढलंय. रात्री मी शेजारी नसले तर झोपत नाही. बँकेत त्याचं खातं काढायला गेलो तर सही येत नाही म्हणून परत पाठवलं. शेजारी म्हणतात, फ्लॅट त्याच्या नावावर करून टाका. सासूबाई म्हणतात, सख्खी बहीण आहे की, ती बघेल. मुलीला आम्ही कधी विचारलेलं नाही. यजमानांपुढे विषय काढला की ते उठून आत जातात. सरकार अशा मोठ्या मुलांसाठी काही करतं का? आणि त्याला एखाद्या संस्थेत ठेवावं असा विचार मनात आला, तर ते पाप आहे का?

– एक आई, पुणे

उत्तर

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो मनाला लागून राहिला तर पुढच्या कागदपत्रांत तुमचं लक्ष लागणार नाही. पाप अजिबात नाही. सत्तावीस वर्षं जिला सलग झोप मिळालेली नाही, तिच्या मनात हा विचार यायचाच. मायेने सांभाळणाऱ्या बहुतेक आया हाच प्रश्न विचारतात, फक्त आवाज खाली आणून विचारतात. मात्र माझं मत विचाराल, तर आज त्याला कायमचं कुठे ठेवायची गरज मला दिसत नाही. एकटा डेअरीवर जाऊन, हिशोब करून परत येणारा माणूस आहे तो. त्याला दिवसा घराबाहेर जायला जागा हवी, अधूनमधून तुमच्याविना रात्र काढायची सवय हवी, आणि तुमच्या माघारी उपयोगी पडतील असे कागद हवेत. हे सगळं तुम्ही दोघं हिंडते-फिरते आहात तोवर, तुमच्या डोळ्यांदेखत सुरू व्हायला हवं. डाउन सिंड्रोम असलेली माणसं पूर्वी फार जगत नसत. आता नीट वैद्यकीय देखभाल मिळाली तर साठीपर्यंत जगतात. म्हणजे त्याच्यापुढे अजून तीसेक वर्षं असू शकतात, आणि त्यातली बरीचशी तुमच्याशिवायची.

सरकार काही करतं का? करतं, पण तुम्हाला वाटतं तसं नाही. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अठरानंतरही समाजात राहण्याचा हक्क, व्यवसाय प्रशिक्षण, सामाजिक सुरक्षा असं सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही केला, आणि त्याचं आयुक्तालय आपल्या पुण्यातच आहे. तरी शाळेची गाडी जशी रोज सकाळी दारात यायची, तशी मोठ्या मुलांसाठी काही येत नाही. अनुदानित कार्यशाळा आहेत, पण थोड्या, आणि त्यातली जागा सहज मिळत नाही. सरकारकडून तुम्हाला मुख्यतः कागद मिळतील आणि थोडा पैसा. मुलाचा दिवस भरणारी जी कामं या राज्यात उभी राहिली, त्यातली कितीतरी पालकांनीच पदराला खार लावून उभी केली आहेत. हे असं असू नये. साठीला आलेल्या आईवडिलांनी संस्था काढायच्या, देणग्या मागायच्या आणि वर मुलंही सांभाळायची, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. पण आज जे आहे त्यातूनच तुम्हाला वाट काढायची आहे, म्हणून आधी कागदांचं बोलते. त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण एकावाचून दुसरा अडतो.

सगळ्यात आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचं देशभर चालणारं ओळखपत्र. तुमच्याकडचा दाखला जुना, कागदावरचा आहे. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र फक्त यूडीआयडी पोर्टलवरूनच दिलं जातं, आणि आता कुठल्याही योजनेच्या खिडकीवर तेच मागतात. पोर्टलवर अर्ज भरा, रुग्णालय निवडा. पुण्यात ससून किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय. जाताना जुना दाखला, शाळेतले बुद्ध्यांक चाचणीचे अहवाल, आधार, फोटो असं सगळं एका फायलीत न्या. एक विनंती आहे. तपासणीच्या दिवशी ‘त्याला हे येतं, तेही येतं’ असं आईच्या अभिमानाने सांगू नका. तिथे विचारलं जातं ते मदतीशिवाय काय येतं. दाढी स्वतः करतो का, अनोळखी रस्त्यावरून घरी येतो का, ताप आला तर सांगतो का, असे ते प्रश्न असतात. खरं तेच सांगा, पण पूर्ण सांगा. टक्केवारी चुकीची लागली असं वाटलं तर अपील करता येतं, ही तरतूद कायद्यात आहे.

यानंतर कायदेशीर पालकत्व. बँकेत जे झालं त्याचं मूळ इथे आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होतं, आणि आईवडिलांना त्याच्या वतीने सह्या करण्याचा आपोआप असलेला अधिकार संपतो. बहुतेक घरांत हे पहिल्यांदा बँकेच्या काउंटरवरच कळतं. यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे; राष्ट्रीय न्यास ही त्याच कायद्याने झालेली केंद्र सरकारची संस्था. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांतल्या प्रौढ व्यक्तींसाठी त्यात पालक नेमता येतो. डाउन सिंड्रोम असलेल्यांना बौद्धिक अक्षमतेच्या गटात हा लाभ मिळतो. त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक स्तर समिती असते: अध्यक्ष जिल्हाधिकारी, सोबत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. अर्ज तुम्ही दोघांनी करायचा. राष्ट्रीय न्यासाकडे नोंदलेल्या एखाद्या संस्थेची मदत घेतलीत तर कागद कमी वेळा परत येतात. समितीने पालकत्वाचं प्रमाणपत्र दिलं की ते घेऊन बँकेत जा. असं प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य धरावं, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. तरीही नकार मिळाला तर तो लेखी मागा. शाखेकडे तक्रार देऊन तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येतं. लेखी मागितलं की पुष्कळदा तिथल्या तिथेच नियम आठवतो.

समिती पालक नेमताना दोन गोष्टी बघते, पालकाची गरज खरंच आहे का आणि ती कोणत्या बाबींसाठी. म्हणून अर्जातही जेवढं लागतं तेवढंच मागा: बँक, निवृत्तिवेतन, उपचारांची संमती. त्याच्या खिशातले दुधाचे पैसे त्याचेच राहू देत. त्याचं मतदार यादीत नाव आहे का, तेही बघा. सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवलेलं नसेल, तर बौद्धिक अक्षमता आहे म्हणून मताचा हक्क जात नाही. तो सत्तावीस वर्षांचा नागरिक आहे, हे घरातही अधूनमधून आठवावं लागतं.

आता निवृत्तिवेतन. तुमच्या घराच्या दृष्टीने हे सगळ्यात मोठं काम आहे, आणि ते यजमान हयात असताना व्हायला हवं. त्यांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन तुम्हाला मिळेल. एरवी मुलांचा त्यावरचा हक्क ठरावीक वयाला संपतो. मात्र मूल स्वतःची उपजीविका करू शकत नाही हे वैद्यकीय दाखल्याने सिद्ध झालं, तर आईच्या पश्चात ते त्याला हयातभर मिळू शकतं. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधल्या ११६ व्या नियमात कुटुंब निवृत्तिवेतनाच्या तरतुदी आहेत. पण ज्याचं नावच कागदावर नाही, त्याला कोषागार ओळखणार कसं? निवृत्तीच्या वेळी भरलेल्या कुटुंबाच्या तपशिलात मुलाचं नाव आणि त्याची अक्षमता नोंदवलेली आहे का, हे आधी पाहा. नसेल तर ज्या कार्यालयातून यजमान निवृत्त झाले तिथे अर्ज द्या. तिथून तो महालेखापालांकडे जाईल. नव्या प्रमाणपत्राची आणि समितीच्या पालकत्व आदेशाची प्रत जोडा, कारण हे पैसे त्याच्या वतीने पालकाने घ्यायचे असतात. अर्जाची पोच जपून ठेवा. आईवडील दोघेही गेल्यावर बहिणीने एकेक कागद गोळा करत हिंडायचं, ही फरफट मी फार पाहिली आहे. यजमानांच्या एका सहीने ती टळते.

तुमच्यासारखा प्रश्न असलेले, पण खासगी नोकरीतले वाचकही हे वाचत असतील. त्यांच्यासाठी इतकंच सांगते, की १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतही सभासदाच्या मृत्यूनंतर कायमस्वरूपी आणि पूर्णतः अक्षम मुलाला वयाची अट न लावता निवृत्तिवेतन देण्याची तरतूद आहे. भविष्य निर्वाह निधीच्या कागदांत मुलाचं नाव आहे की नाही, ते आजच बघा.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणीतरी तुम्हाला तहसील कचेरीत पाठवणारच. दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम २०२५ मध्ये दरमहा १५०० वरून २५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. पण त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत लागतं. तुमच्या घरात निवृत्तिवेतन येतं, त्यामुळे ते होणार नाही. तिथे हेलपाटे घालू नका. निरामय आरोग्य विमा मात्र जरूर काढा. तो राष्ट्रीय न्यासाचा आहे, वर्षाला १ लाखापर्यंतचं संरक्षण देतो, आधीपासूनचा आजार आहे म्हणून नाकारत नाही, आणि त्यात बाह्यरुग्ण तपासण्या आणि थेरपीचाही काही भाग येतो. दर वर्षी नूतनीकरण विसरू नका. शिवाय धायरी आता महापालिकेत आहे, आणि महापालिकेला आपल्या निधीतले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. समाज विकास विभागाच्या योजना दर वर्षी जाहीर होतात, तिथे चौकशी करा. पीएमपीचा, म्हणजे शहर बसचा, मोफत पासही काढून घ्या. तो का, ते पुढे सांगते.

फ्लॅट त्याच्या नावावर करू नका. सल्ला देणाऱ्याचं मन चांगलं असेल, पण त्याने मुलगा सुरक्षित होत नाही, अडकतो. पुढे फ्लॅट विकायचा झाला, सोसायटीचं पुनर्विकासाचं काम निघालं, तर प्रत्येक सहीसाठी परवानगीचा प्रश्न उभा राहील. आणि ज्याला स्वतःचा व्यवहार कळत नाही त्याच्या नावावर पुण्यात फ्लॅट असेल, तर गोड बोलणारे नातेवाईक कमी पडत नाहीत. पण काहीच न करणंही तितकंच घातक आहे. फ्लॅट यजमानांच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुम्ही, मुलगा, मुलगी आणि हयात असलेल्या सासूबाई असे चौघांचे समान हिस्से होतील. म्हणजे एक चतुर्थांश आपोआप मुलाच्या नावे, आणि बाकीच्यांचे हातही त्यात बांधलेले. सासूबाईंचा हिस्सा पुढे त्यांच्या इतर वारसांकडे जाईल, ते वेगळंच.

म्हणून यजमानांनी आणि तुम्ही, दोघांनी मृत्युपत्रं करावीत. आधी एकमेकांना, आणि दोघांच्या पश्चात मुलाचा वाटा त्याच्यासाठीच्या खासगी न्यासात, म्हणजे ट्रस्टमध्ये. १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याखाली असा न्यास करता येतो, मृत्युपत्रातूनही करता येतो. विश्वस्त दोन-तीन असावेत, एकच नको. मुलगी असावी, पण सोबत तुमच्या विश्वासातलं कुणीतरी, आणि त्यातला एक तरी तुमच्याहून वीसेक वर्षांनी लहान असावा. पैसा कशाकशावर खर्च करायचा ते स्पष्ट लिहा: औषधं, कार्यशाळेची फी, वर्षातून एक सहल, त्याच्या आवडीचे कपडे. सहल हौसेचा खर्च म्हणून गाळू नका. आईवडील गेल्यावर ती कुणाला सुचत नाही. हे काम वकिलाकडून करून घ्या, आणि त्यांनी अशा मुलांसाठी न्यास पूर्वी केला आहे का, हे सरळ विचारा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मृत्युपत्रात ‘माझ्यानंतर मुलगी पालक’ असं लिहिलं म्हणून ती सज्ञान भावाची कायदेशीर पालक होत नाही. तिला समितीकडे अर्ज करावाच लागेल. तुमची लेखी इच्छा तिला त्या वेळी आधार देईल, एवढंच.

मुलीचा विषय निघालाच आहे. सासूबाई जे बोलल्या ते कितीतरी घरांत बोललं जातं, आणि त्यामुळे कितीतरी बहिणी लग्न ठरतानाही हा प्रश्न गिळून बसतात. तुमची मुलगी काही बोलत नाही म्हणजे ती तयार आहे, असं नाही. तिला नको आहे, असंही नाही. तिला माहीतच नाही की तिच्याकडून नक्की काय हवं आहे. ‘भावाला सांभाळशील ना?’ असं तिला विचारू नका. त्या प्रश्नाला लेक ‘नाही’ म्हणूच शकत नाही, आणि तिचं ‘हो’ खरं किती हे तिलाही कळणार नाही.

पालकत्व आणि रोजचा सांभाळ ही दोन वेगळी कामं आहेत. ती एकाच माणसाने करायला हवीत असं कायदा म्हणत नाही, शहाणपणही म्हणत नाही. मुलगी नाशिकला राहून पालक होऊ शकते. सह्या, बँक, मोठ्या उपचारांचे निर्णय, महिन्यातून एक भेट. पालकाला नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब समितीला द्यावा लागतो, हे तिला आधीच सांगा म्हणजे नंतर घाबरणार नाही. रोजचं खाणंपिणं, झोपणं, कामावर जाणं हे दुसरीकडे, दुसऱ्या माणसांसोबत असू शकतं. एवढी वाटणी करून तिच्यापुढे ठेवलीत, तर ती जावयांशीही मोकळेपणाने बोलू शकेल. आणि तिने काही भाग नाकारला तर रागावू नका. आज नाकारलेलं तुम्हाला आज कळेल आणि दुसरी सोय बघायला वेळ मिळेल. हे बोलणं सणासुदीला पाहुण्यांच्या गर्दीत करू नका. तुम्ही दोघी एखाद दिवस नाशिकलाच बसून बोला.

आता त्याचा दिवस. टीव्हीपुढे सरलेल्या वर्षांमध्ये त्याने शाळेत शिकलेलं बरंच पुसलं गेलं असेल, पण परत येतं. प्रौढांच्या कार्यशाळांमध्ये कागदी पिशव्या, पाकिटं, पणत्या रंगवणं, राख्या, उटणं, मसाले, सुटे भाग जुळवणं अशी कामं चालतात. मोबदला नाममात्र असतो, पण महिन्याचा तो पैसा हातात घेताना या मुलांची मान कशी ताठ होते, ते बघायला तरी जा. गोखलेनगरची १९६४ पासूनची कामायनी किंवा सेवासदनची दिलासा कार्यशाळा ही नावं तुम्ही ऐकली असतील. सिंहगड रोड, कोथरूड, कर्वेनगर भागातही लहानमोठी केंद्रं चालतात. फोनवर ‘जागा नाही’ असं ऐकलं तरी प्रत्यक्ष जा, मुलाला घेऊन जा, प्रतीक्षायादीत नाव घाला. पालकांच्या गटांत कुठली जागा रिकामी होते आहे हे पटकन कळतं, म्हणून तिथे ओळख ठेवा.

आणि रिक्षा लावू नका. पास त्यासाठीच काढायला सांगितला. रिक्षा बंद पडली की कामही बंद पडतं. धायरीहून बसने त्याला तुम्ही घेऊन जा. मग त्याच बसमध्ये दोन बाकं मागे बसा. मग उतरायच्या थांब्यावर आधीच जाऊन उभ्या राहा. गळ्यात नाव-फोनचं कार्ड, खिशात साधा मोबाइल. याला महिने लागतील, कदाचित तो एकट्याने कधीच जाणार नाही. तरी थांब्यावरची माणसं, कंडक्टर त्याला ओळखू लागतील. तुमच्या माघारी त्याला ओळखणारी माणसं जितकी जास्त, तितका तो सुरक्षित. डेअरीवाला त्यातलाच एक आहे.

रात्रीची गोष्ट तुमच्यासाठी अवघड आहे, हे मला कळतं. त्याला तुमच्याविना झोप येत नाही, आणि खरं म्हणजे तुम्हालाही त्याच्याविना येत नसेल. पण विचार करा, तुम्हाला उद्या अचानक दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर पहिल्याच रात्री त्याचं काय होईल? म्हणून आधी त्याच खोलीत वेगळी गादी. मग त्याच्या बाबांनी शेजारी झोपायचं. मग मामाकडे किंवा बहिणीकडे एक रात्र, तुम्ही सोबत नसताना. काही संस्था निवासी शिबिरं घेतात, तिथे दोन-तीन दिवस. राष्ट्रीय न्यासाच्या ‘समर्थ-सह-घरौंदा’ योजनेतल्या केंद्रांत तात्पुरत्या निवासाची कल्पना आहे. केंद्रं थोडी आहेत, पण विचारून ठेवा. त्याला आधी सांगा, कॅलेंडरवर खूण करा, आणि ठरल्या वेळेला घ्यायला जा. एकदा फसवलं तर पुढचं वर्षभर तो पाय उचलणार नाही.

कायमच्या निवासी संस्थाही आत्ताच पाहून ठेवा, गरज नसताना. गरज पडल्यावर आपण दार उघडं दिसेल तिथे शिरतो. बदलापूरची ‘आधार’ ही पालकांनीच उभी केलेली संस्था एकदा बघून या, म्हणजे चांगलं काय असतं ते कळेल. २०१६ च्या कायद्याप्रमाणे अशा संस्थेला नोंदणी लागते, ते प्रमाणपत्र मागा. ठरवून दिलेल्या वेळेला कार्यालयात बसून चहा घेऊन परत येऊ नका. संध्याकाळी जा, जेवणाच्या वेळी जा. रात्री कोण असतं, किती जणांमागे एक माणूस असतो, ते विचारा. न कळवता भेटायला येऊ देतात का? मुलांचे कपडे आपापले आहेत की सगळ्यांचे एकत्र? कुणी रडत असेल तर त्याच्याशी कोण कसं बोलतं? अनामत रक्कम मोठी मागत असतील तर परताव्याच्या अटी लेखी घ्या. आणि त्याला घेऊन जा. त्याला आवडलं की नाही हे त्याच्या चालण्यावरूनच तुम्हाला कळेल. कुठे राहायचं याबद्दल त्याला विचारायलाच हवं. अमुक एका ठिकाणीच राहावं अशी सक्ती कुणावर करता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

वजनाचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण ते हलकं घेऊ नका. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइडचा त्रास फार आढळतो. वर्षातून एकदा ती तपासणी हवीच. सोबत कान, डोळे, आणि रात्री घोरणं किंवा श्वास अडखळणं असेल तर त्याचीही. दिवसभर सुस्त असण्याचं कारण टीव्ही सोडून दुसरंही असू शकतं. शिवाय या मुलांमध्ये स्मृतिभ्रंश इतरांपेक्षा लवकर, चाळिशी-पन्नाशीतच सुरू होऊ शकतो. आज त्याला काय काय येतं याचे छोटे व्हिडिओ काढून ठेवलेत, तर पुढे डॉक्टरांना फरक कळायला मोठी मदत होईल.

एक वहीही करा. त्याची औषधं, रक्तगट, डॉक्टर हे तर त्यात असेलच, पण तुम्हालाच माहीत असलेलं जास्त लिहा. पोट दुखलं तर तो काय करतो, कशाला घाबरतो, राग आल्यावर किती वेळ एकटं सोडायचं, आंघोळीचं पाणी किती कढत लागतं, अमुक एक आवाज काढतो त्याचा अर्थ काय. सत्तावीस वर्षं जे तुम्ही डोक्यात साठवलं, ते अजून कुठेच लिहिलेलं नाही. वहीची एक प्रत नाशिकला द्या.

आणि यजमान. ते उठून जातात, कारण या प्रश्नाचं टोक त्यांच्या मरणाशी जाऊन भिडतं, आणि बायपासनंतर तो विषय त्यांना जवळचा झाला आहे. त्यांच्याशी ‘आपल्यानंतर’ हा शब्द काही दिवस बोलूच नका. आयुष्यभर सरकारी नोकरी केलेल्या माणसाला फाइल कशी हलवायची हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. पीपीओची, म्हणजे निवृत्तिवेतन मंजूर झाल्याच्या आदेशाची, प्रत त्यांच्यापुढे ठेवा आणि म्हणा, यात त्याचं नाव दिसत नाही, कुठल्या टेबलाला अर्ज द्यायचा? माझा अंदाज आहे की चष्मा शोधतील. पुढचं बोलणं त्या कामातून आपोआप निघेल. बाप म्हणून त्यांनी मुलासाठी काय केलं, हे त्यांनाही स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असेलच.

सुरुवात यूडीआयडीच्या अर्जापासून करा, आणि तपासणीची तारीख मिळेपर्यंतच्या काळात पीपीओ शोधून ठेवा. कार्यालयाने नाव नोंदवायला काही हरकत घेतली तर ती लेखी घ्या आणि त्या पत्राची प्रत मला पाठवा. उत्तर कसं द्यायचं ते आपण मिळून बघू.